स्टुडिओच्या काळातील चरित्र अभिनेत्याची कारकीर्द कशी जुळवावी : सीमाभागातील अभ्यासकांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबाग आणि अथणी या पट्ट्यातील मराठी घरांत, शाळांच्या स्मरणिकांत आणि गावोगावच्या साहित्य संमेलनांतील भाषणांत एक वाक्य वारंवार कानी पडते: अमुक गावचे अमुक गृहस्थ त्या काळी कोल्हापूरला ‘कंपनीत’ होते आणि त्यांनी सिनेमात काम केले होते. हे गृहस्थ बहुधा नायक नसतात. पडद्यावर ते सावकार, दिवाण, पुजारी, हवालदार किंवा नायिकेचे वडील म्हणून येतात, दोन-तीन प्रसंगांत आपली छाप पाडतात आणि जातात. वाक्य अनेकदा खरे असते, परंतु त्यापुढे कोणी चौकशी करत नाही आणि दोन पिढ्यांनंतर घरातल्यांना चित्रपटाचे नावही सांगता येत नाही. अशा चरित्र अभिनेत्याची किंवा अभिनेत्रीची कारकीर्द पुराव्यानिशी कशी जुळवावी, याची रीत येथे मांडली आहे.

आरंभीच एक गोष्ट ठरवून घ्यावी. या कामाचे एकक ‘भूमिका’ हे आहे. चित्रपटांची यादी करणे सोपे असते आणि म्हणूनच ती फसवी असते. एखाद्या नावापुढे वीस चित्रपट लिहिले जातात, पण त्यांतील किती ठिकाणी त्या माणसाने कोणते पात्र उभे केले, हे विचारले की यादी गळू लागते. प्रत्येक भूमिकेसाठी स्वतंत्र टिपण असावे आणि त्या टिपणावर पुरावा कोणत्या दर्जाचा आहे, हे लिहिलेले असावे. नायकाचे नाव जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सापडते. चरित्र अभिनेत्याचा माग कंपनीच्या कामकाजातून काढावा लागतो. म्हणून शोधाची सुरुवात व्यक्तीपासून न करता कंपन्यांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी कंपन्यांचा नकाशा

या भागातून चित्रपटाकडे जाणारी वाट प्रामुख्याने कोल्हापूरची होती. बेळगावहून मिरजेला आणि तेथे गाडी बदलून कोल्हापूरला, असा तो रेल्वेचा प्रवास होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने मूकपटांच्या काळात माणसे घडवली. १९२० चा ‘सैरंध्री’ आणि १९२५ चा ‘सावकारी पाश’ ही त्या कंपनीची कामे होत. त्याच कंपनीतून बाहेर पडलेले विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा बोलपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. हे शेवटचे वर्ष अभ्यासकाने टिपणवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. आमचे आजोबा कोल्हापूरला प्रभातमध्ये होते, असे कोणी सांगितले आणि ‘कुंकू’चे (१९३७) नाव घेतले, तर त्या दोन विधानांपैकी एकात दुरुस्ती करावी लागते, कारण ‘कुंकू’ पुण्यात तयार झाला.

प्रभात पुण्याला गेल्याने कोल्हापूर ओस पडले नाही. कोल्हापूर सिनेटोन आणि शालिनी सिनेटोन यांचे काम तेथे चालू होते. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक (कॅमेरामन) पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये हंस पिक्चर्स सुरू केली. पुढे भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ उभा राहिला. सीमाभागातील माणसाच्या दृष्टीने आणखी एक नोंद मोलाची आहे, ती म्हणजे १९३४ मध्ये प्रदर्शित झालेला पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये चित्रित झाला. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा नट त्या काळी कोणत्या चित्रपटात गेला असेल, हे ठरवताना केवळ मराठी याद्या पाहून थांबणे म्हणजे अर्धाच शोध घेणे होय. शांता हुबळीकर यांचे उदाहरण याच दिशेचे आहे: प्रभातच्या ‘माणूस’मुळे (१९३९) महाराष्ट्रभर नाव झालेल्या या अभिनेत्रीने १९४२ च्या ‘जीवन नाटक’ या कन्नड चित्रपटातही काम केले.

नाटक मंडळ्यांना या नकाशात जागा द्यावी. पहिल्या बोलपटांतील बहुतेक चरित्र अभिनेते रंगभूमीवरून आले होते आणि बेळगाव हा तर नाटक कंपन्यांच्या मुक्कामाचा भाग. मराठी संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मूकपटात काम केलेला, पण संवाद बोलण्यात अडखळणारा नट बोलपट आल्यावर मागे पडला आणि नाटकात आवाज कमावलेला नट पुढे आला. आपल्या अभिनेत्याची कारकीर्द १९३२ च्या सुमारास एकाएकी सुरू होत असेल, तर त्याआधीची वर्षे एखाद्या नाटक मंडळीच्या हँडबिलांमध्ये शोधावीत.

भूमिकेचे टिपण कसे करावे

टिपणात चित्रपटाचे नाव, भाषा, कंपनी, दिग्दर्शक, प्रदर्शनाचे वर्ष, पात्राचे नाव, ती भूमिका किती प्रसंगांत आहे आणि पुराव्याचा दर्जा इतक्या गोष्टी याव्यात. यांपैकी भाषेच्या रकान्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि सर्वाधिक घोटाळे तेथूनच निघतात. त्या काळात प्रभातसारख्या कंपन्या एकाच कथेचे मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट बरोबरीने तयार करीत. कधी दोन्हींचे नाव एकच असे, कधी वेगळे: ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ हिंदीत ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’ हिंदीत ‘पडोसी’ झाला. एका यादीत मराठी नाव आणि दुसरीत हिंदी नाव पाहून अनेकजण दोन वेगळ्या भूमिका मोजतात. उलट काहीजण दोन्ही आवृत्त्यांत तोच नट असणार असे गृहीत धरतात.

केशवराव दाते (१८८९–१९७१) यांची कारकीर्द समोर ठेवली तर हे गुंते एकत्र पाहायला मिळतात. ‘अमृतमंथन’मध्ये (१९३४) राजगुरूची भूमिका मराठी आवृत्तीत दाते यांनी केली, तर हिंदी आवृत्तीत तीच भूमिका चंद्रमोहन यांच्याकडे होती. चंद्रमोहन यांच्या डोळ्यांचे गाजलेले दृश्य हिंदीतले आहे. मराठी ‘अमृतमंथन’विषयी लिहिताना त्यांचे नाव घालणारे लेख मी वाचलेले आहेत. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ या दोन्हींत मात्र काकासाहेब या म्हाताऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत दातेच आहेत. ‘शेजारी’मध्ये (१९४१) तिसराच प्रकार आढळतो: मराठीत पाटलाची भूमिका दाते यांनी आणि मिर्झाची गजानन जागीरदार यांनी केली, हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झा म्हणून कायम राहिले, परंतु त्यांच्यासमोर ठाकूर म्हणून मजहर खान आले. तीन चित्रपट आणि तीन वेगळ्या व्यवस्था. म्हणून मराठी आणि हिंदी आवृत्तीसाठी नेहमी दोन टिपणे करावीत आणि दुसरे टिपण पुरावा मिळेपर्यंत कोरे ठेवावे.

याच कारकिर्दीतून आणखी एक गोष्ट शिकता येते. शांताराम १९४२ मध्ये प्रभात सोडून मुंबईला गेले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर स्थापन केले. दाते पुढे राजकमलच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये (१९४६) कोटणीसांच्या वडिलांच्या भूमिकेत आणि ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) नृत्यगुरूच्या भूमिकेत दिसतात. चरित्र अभिनेता पुष्कळदा दिग्दर्शकामागे जातो, कारण त्याचा वकूब कोणत्या पात्राला पुरेल हे त्या दिग्दर्शकाला ठाऊक असते आणि नटालाही नव्याने परीक्षा द्यावी लागत नाही. एखाद्या नटाचा माग अचानक तुटला तर त्याला वारंवार काम देणारा दिग्दर्शक, व्यवस्थापक किंवा रंगभूषाकार त्या वर्षी कोणत्या कंपनीत गेला, हे आधी पाहावे. बहुतेक वेळा तुटलेला धागा तेथे सापडतो.

टिपणात अभिनयाखेरीज केलेल्या कामांसाठीही रकाना ठेवावा. स्टुडिओच्या काळात कलावंत महिन्याच्या पगारावर असत आणि पगारी माणसाने एकच काम करावे असा दंडक नव्हता. बाबूराव पेंढारकर अभिनेते होते तसेच हंस पिक्चर्सच्या संस्थापकांपैकी एक होते, ‘संत तुकाराम’मधील (१९३६) आवलीची भूमिका अजोड करणाऱ्या गौरी या कंपनीत साध्या कामावर असलेल्या बाई होत्या, पुढे संगीतकार म्हणून कीर्ती मिळवलेले वसंत देसाई प्रभातच्या आरंभीच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका करीत. घरच्यांनी ‘ते कंपनीत सुतारकाम करायचे, मग सिनेमात कुठले?’ असे सांगितले, तर त्यावरून नाव खोडू नये.

पुराव्याचा दर्जा

पुरावे चार दर्जांत वाटून घ्यावेत, म्हणजे पुढे लिहिताना गल्लत होत नाही. चित्रपट स्वतः पाहून माणूस ओळखता आला, तर तो पहिला दर्जा. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत किंवा गाण्यांच्या पुस्तिकेत पात्र आणि नट यांची जोडी छापलेली असली, तर दुसरा. समकालीन वृत्तपत्रात वा मासिकात उल्लेख असला, तर तिसरा. नंतर लिहिलेल्या आठवणी, आत्मचरित्रे, स्मरणिका आणि तोंडी माहिती हा चौथा दर्जा, आणि एकट्या चौथ्या दर्जाच्या आधारावर कोणतीही भूमिका ‘केली’ असे लिहू नये. ‘केल्याचे सांगितले जाते’ इतकेच लिहावे.

चित्रपट पाहण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. प्रभातचे आणि हंसचे अनेक चित्रपट आज पाहायला मिळतात, परंतु मिळालेली प्रत पूर्ण आहे असे समजू नये. ३५ मि.मी.चा बोलपट सेकंदाला २४ चित्रे या गतीने चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट. १,००० फुटांचे एक रीळ साधारण ११ मिनिटे चालते. सेन्सॉरच्या नोंदीत चित्रपटाची लांबी फुटांत दिलेली असते. समजा, ती १३,००० फूट आहे. तिला ९० ने भागल्यास सुमारे १४४ मिनिटे होतात. आपल्या हातातील प्रत १२० मिनिटांची असेल, तर दोनहून अधिक रिळे भरतील इतका भाग गेलेला आहे आणि ज्या हवालदाराचा आपण शोध घेत आहोत, तो नेमका त्या भागात असू शकतो. आणखी एक बारकावा असा की दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रे या गतीने उतरवलेली प्रत मूळ चित्रपटापेक्षा चार टक्के कमी वेळात संपते. १४४ मिनिटांचा चित्रपट १३८ मिनिटांचा दिसतो आणि त्यात एकही प्रसंग गळलेला नसतो. मूकपटांना हा हिशेब लावू नये, कारण त्यांची गती निश्चित नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मची टंचाई झाल्याने चित्रपटांची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित करण्यात आली होती, हेही ध्यानात ठेवावे. दोन तासांच्या चौकटीत कथा बसवताना पहिली कात्री लहान भूमिकांनाच लागते.

प्रतीच्या आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावरून वर्ष ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. जुना चित्रपट पुन्हा प्रदर्शित करताना नवे प्रमाणपत्र घेतले जाई आणि केंद्रीय सेन्सॉर मंडळ तर १९५१ मध्ये अस्तित्वात आले. त्याआधी आपल्या भागाला मुंबईचे मंडळ लागू होते. ते प्रमाणपत्र त्या प्रतीचे वय सांगते, चित्रपटाचे सांगत नाही.

कित्येक चित्रपट तर उरलेलेच नाहीत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील गोदामाला आग लागून नायट्रेट या ज्वालाग्राही फिल्मवरच्या पुष्कळ जुन्या प्रती नष्ट झाल्या. अशा वेळी दुसऱ्या दर्जाचा पुरावा हाच सर्वांत मोठा आधार ठरतो. चित्रपटगृहात विकली जाणारी गाण्यांची पुस्तिका, जिला जुनी माणसे ‘सिनेमाची चोपडी’ म्हणतात, तिच्यात गाण्यांखेरीज कथासार आणि बहुधा पात्रपरिचय असतो. हिंदी आवृत्तीसाठी हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी संकलित केलेला ‘हिंदी फिल्म गीत कोश’ हाताशी ठेवावा. त्याचा पहिला खंड १९३१ ते १९४० आणि दुसरा १९४१ ते १९५० या वर्षांचा आहे आणि त्यात चित्रपटागणिक कलावंतांची नावे दिलेली आहेत. त्यात फक्त हिंदी चित्रपट आहेत, एवढे विसरू नये.

पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले. तेथे चित्रपटांबरोबरच पुस्तिका, स्थिरचित्रे आणि जाहिराती जतन केलेल्या आहेत. जाण्यापूर्वी काय पाहायचे आहे, याची चित्रपटांच्या नावांनिशी आणि वर्षांनिशी यादी लेखी कळवावी. नुसत्या नटाच्या नावावर मागणी केल्यास शोधणाऱ्यालाही काही करता येत नाही. बाबूराव पटेल यांच्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर घरबसल्या वाचता येतात. त्या मासिकाची परीक्षणे तिखट आणि पक्षपाती आहेत, तथापि कोणत्या चित्रपटात कोण होते, हे तपासायला ती उपयोगी पडतात. बेळगावात ‘तरुण भारत’ १९१९ पासून निघत आहे आणि कोल्हापूरचा ‘पुढारी’ १९३९ पासून. जुने अंक पाहायला मिळाले तर चित्रपट प्रदर्शित झाला त्या आठवड्यापुरते न थांबता पुढचे वर्षभर पाहावेत, कारण मुंबई-पुण्यात लागलेला चित्रपट या भागात पोहोचायला वेळ लागत असे. स्थानिक नट असला की टॉकीजवाला जाहिरातीत त्याचे नाव मुद्दाम छापून घेई, असे सांगितले जाते. ते खरे असेल तर ते याच अंकांत दिसेल.

नावे आणि सरहद्दी

एकाच नावाचे अनेक आणि एकाच माणसाची अनेक नावे, असा दुहेरी पेच या कामात पडतो. केशवराव म्हटले की दाते, धायबर आणि रंगभूमीवरचे भोसले; बाबूराव म्हटले की पेंटर, पेंढारकर आणि पटेल; मास्टर म्हटले की विनायक, विठ्ठल आणि कृष्णराव. आडनावाशिवाय आलेला उल्लेख म्हणूनच कधीही परस्पर एका व्यक्तीच्या खात्यावर टाकू नये. दुसरीकडे, घरचे नाव आणि पडद्यावरचे नाव भिन्न असणे ही त्या काळची रूढ गोष्ट होती, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून केलेले आडनाव तर नटाने स्वतः घेतलेले असते किंवा कंपनीने दिलेले असते, आणि शाळेच्या दाखल्यावर ते सापडत नाही.

इंग्रजी अक्षरांतून मराठीत आलेल्या नावांवर विश्वास ठेवू नये. त्या अक्षरांतील ‘काळे’ आणि ‘काले’, ‘माने’ आणि ‘मने’ एकसारखेच दिसतात. कन्नड वृत्तपत्रात ‘ळ’ नीट राहतो, परंतु मराठी जोडाक्षरांचा उच्चार बदललेला असतो. संगणकावर शोधताना नावाची चार-पाच रूपे करून पाहावीत. गावाबाबतही तेच: जुन्या कागदांत बेळगाव असते, २०१४ नंतरच्या सरकारी कागदांत बेळगावी, आणि इंग्रजीत त्याहून वेगळे रूप.

सरहद्दीचा विचार दफ्तरांसाठी करावा लागतो. स्टुडिओच्या ऐन भरात बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला आणि त्या वेळी चंदगड तालुका वगळून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. त्याआधीही आजच्या जिल्ह्याचा सगळा मुलूख ब्रिटिश अंमलाखाली नव्हता. बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात होते आणि रायबाग कोल्हापूर संस्थानात. शहापूरच्या नटाचा १९३५ चा कागद बेळगावच्या कचेरीत शोधत बसणे व्यर्थ आहे. तो सांगलीच्या दफ्तराचा विषय आहे. रायबागच्या माणसासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार पाहावे. जुन्या नोंदी मोडी लिपीत असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा मोडी वाचणाऱ्या जाणकाराला सोबत घ्यावे आणि त्याच्याकडून अर्थ न घेता अक्षरशः लिप्यंतर लिहून घ्यावे.

घरच्यांशी बोलताना

या टप्प्याला सगळेजण आधी हात घालतात. तो शेवटी घ्यावा, असा माझा आग्रह आहे. कंपन्यांची वर्षे आणि चित्रपटांची नावे आपल्या डोक्यात असली, म्हणजे समोरच्या आजींच्या बोलण्यातील ओझरता उल्लेखही पकडता येतो. ‘आजी, तुमचे वडील कोणकोणत्या सिनेमांत होते?’ असे विचारले की ऐकीव नावे येतात आणि ती बहुधा गाजलेल्या चित्रपटांचीच असतात. त्याऐवजी पैशांविषयी आणि प्रवासाविषयी विचारावे: पगाराची मनीऑर्डर कोणत्या गावाहून यायची, वडील सणाला घरी यायचे का, दाढी किंवा डोक्यावरचे केस कधी मुद्दाम वाढवले होते का, तुमच्या आई त्यांच्याकडे राहायला कोणत्या वर्षी गेल्या, त्या वेळी तुमच्यापैकी कोण तान्हे होते. मुलांच्या जन्मवर्षांवरून कंपनीची वर्षे जितकी अचूक काढता येतात, तितकी चित्रपटांच्या नावांवरून येत नाहीत. मनीऑर्डरची पोच, पत्रावरचा टपालाचा शिक्का, कराराचा कागद, यांतील काही जपलेले असेल तर त्याचे पुढून आणि मागून छायाचित्र घ्यावे. स्थिरचित्रांची मागची बाजू तर पुढच्या बाजूइतकीच महत्त्वाची असते. तेथे कंपनीचा शिक्का, क्रमांक किंवा पेन्सिलीने लिहिलेले नाव आढळते.

चित्रपट ‘पाहिल्याचे’ वर्ष आणि तो ‘निघाल्याचे’ वर्ष यांत या भागात मोठे अंतर पडते. चिंचलीच्या मायाक्काच्या किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमात पाहिलेला चित्रपट दहा-बारा वर्षे जुना असणे अगदी शक्य आहे. सांगणाऱ्याला खोडून काढू नये. दोन्ही वर्षे लिहावीत.

अभिनेत्रींच्या बाबतीत एक मर्यादा पाळावी. त्या काळात चित्रपटात गेलेल्या अनेक स्त्रियांना घराणे, विवाह आणि नाव यांवरून बरेच सोसावे लागले. घरच्यांनी आपणहून सांगितले नाही, तर त्यांच्या कुळाविषयी विचारू नये, आणि सांगितले तरी छापण्याची परवानगी वेगळी मागावी. कारकीर्द लिहायला भूमिका पुरेशा असतात.

रिकामी वर्षे आणि लेखन

सर्व टिपणे वर्षवार लावली की मध्ये रिकाम्या जागा दिसतात. त्या भरण्याची घाई करू नये, परंतु कारणे शोधावीत, कारण कारकिर्दीची दिशा तेथेच बदललेली असते. ललिता पवार यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे: नायिकेच्या भूमिका करीत असताना १९४२ मध्ये एका प्रसंगात सहकलाकार भगवान यांनी मारलेल्या थपडेमुळे त्यांच्या चेहऱ्याला इजा झाली आणि एक डोळा कायमचा अधू झाला, त्यानंतर त्या चरित्र भूमिकांकडे वळल्या, ‘रामशास्त्री’मध्ये (१९४४) आनंदीबाई झाल्या आणि ‘अनाडी’तील (१९५९) भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. सगळ्यांचीच कारणे इतकी ठळक नसतात. कंपनी बंद पडणे, युद्धकाळात चित्रनिर्मिती कमी होणे, नाटकाच्या दौऱ्यावर जाणे, शेतीच्या वाटणीसाठी गावी परतणे, ही कारणे साधी असली तरी खरी असतात.

भूमिकेची लांबी आणि तिचे महत्त्व यांची गल्लत करू नये, तसेच ‘चरित्र अभिनेता’ हा शिक्का आयुष्यभरासाठी मारू नये. दामूअण्णा मालवणकर ‘ब्रह्मचारी’त (१९३८) विनोदी साहाय्यक भूमिकेत आहेत आणि पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’त बगाराम म्हणून संपूर्ण चित्रपट त्यांच्यावर उभा आहे. बाबूराव पेंढारकर १९५४ च्या ‘महात्मा फुले’मध्ये शीर्षक भूमिकेत आहेत आणि १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये तुरुंगाधिकाऱ्याच्या मोजक्या प्रसंगांत. चढ आणि उतार या शब्दांनी अशा कारकिर्दीचे वर्णन केले की ती नायकाच्या मापाने मोजली जाते, आणि ते माप येथे लागू पडत नाही. त्याऐवजी त्या नटाकडे कोणत्या प्रकारची पात्रे पुन्हा पुन्हा आली, ती कोणत्या दिग्दर्शकाने दिली आणि त्याने त्यांत काय वेगळे केले, हे चित्रपटातील प्रत्यक्ष प्रसंग सांगून लिहावे. ‘कुंकू’तील काकासाहेबांविषयी लिहायचे तर ‘प्रभावी अभिनय’ या दोन शब्दांनी वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. केस काळे करणारा म्हातारा आरशासमोर कसा उभा राहतो, हे सांगितले तर लागते.

लेखासोबत दृश्ये छापायची असतील तर कायद्याची एक बाजू सोयीची आहे: भारतीय कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो, त्यामुळे स्टुडिओच्या काळातील चित्रपटांवरचा तो हक्क संपलेला आहे. घरातून मिळालेली खासगी छायाचित्रे मात्र कुटुंबाच्या लेखी संमतीनेच वापरावीत.

लेख पूर्ण झाल्यावर टिपणांची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक कुटुंबाकडे आणि एक पुण्याच्या संग्रहालयात द्यावी. मूळ कागद आणि छायाचित्रे घरच्यांना परत करावीत व परत केल्याची तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्रत्येक टिपणाच्या तळाशी ते शेवटचे केव्हा तपासले याची तारीख असावी, आणि ज्या भूमिकांना पुरावा मिळाला नाही त्यांची यादी चित्रपटाचे नाव व कोणी सांगितले यांसह वेगळ्या पानावर जोडावी, म्हणजे एखादी चोपडी किंवा रीळ पुढे कोणाच्या हाती आल्यास त्याला कोणते नाव पडताळायचे हे कळेल.